माडावरचा माणूस

तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे, गोव्यात, त्याला ‘सूर’ म्हणतात. खाडी ओलांडून वेंगुर्ले-मालवणकडे गेले की तीच ‘माडी’ होते. घाट चढून बेळगावच्या बाजूला गेलो की माड मागे पडतात आणि ओढ्याकाठी शिंदीची झाडे दिसू लागतात. तिथे मराठी माणूस ‘शिंदी’ म्हणतो, कानडी माणूस ‘शेंदी’. हैदराबादेत तिची ‘सेंधी’ होते, तेलुगूत ‘कल्लू’. पालघर-डहाणूकडे ताडाच्या झाडावरून उतरते ती ‘ताडी’. इंग्रजांनी हाच शब्द उचलला आणि आपल्या जिभेला सोसेल असा ‘टॉडी’ करून घेतला. झाडे तीन, भाषा पाच-सहा, नावे त्याहून अधिक. पण वस्तू एकच. झाडाने आपल्या फुलोऱ्यासाठी किंवा कोंबासाठी वर चढवलेला गोड रस माणसाने वाटेतच अडवला, एवढीच तिची मूळ कथा.

मी इतिहास विषयाचा एम. ए. सीमेलगतच्या एका मराठी हायस्कुलात आयुष्य गेले, आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतो. माडी मी घेत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या पालकांनी घ्यावी असेही म्हणणार नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, याचे कारण आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर. त्याविषयी पुढे सांगेन. आधी वस्तूची ओळख करून घेऊ.

माडी ही ‘करावी’ लागत नाही, ती ‘होते’. तांदळाची दारू करायची तर तांदूळ शिजवा, त्यात किण्व घाला, वाट पाहा. माडाच्या रसाचे तसे नाही. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, दोरीने आवळून बांधतात, ती हलक्या हाताने ठोकून ठोकून मऊ करतात आणि तिचे टोक धारदार कोयत्याने रोज पातळ चकतीएवढे छेदतात. छेदलेल्या जागेतून रस थेंबथेंब गळतो, तो खाली बांधलेल्या मडक्यात साठतो. ताज्या रसात शेकडा १२ ते १५ भाग साखर असते. हवेतले आणि मडक्याला चिकटलेले सूक्ष्म जीव तिच्यावर लगेच तुटून पडतात. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर त्यांचे काही काळ चालत नाही आणि रस गोड राहतो, ती ‘नीरा’. चुना नसेल तर काही तासांत त्यात चार-पाच टक्के मद्यार्क तयार होतो, ती ‘माडी’. दुसऱ्या दिवशी ती आंबट होते, आणि तशीच ठेवली तर काही आठवड्यांत तिची शिर्का होते. पहाटेची नीरा, दुपारची माडी, पुढच्या महिन्यातला शिर्का. रस एकच, फक्त घड्याळ पुढे सरकलेले.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवला, कारण या पेयाचा सगळा राजकीय इतिहास त्यात दडलेला आहे. जी वस्तू सकाळी निरुपद्रवी आणि दुपारी मादक असते, तिच्यावर कर कसा बसवायचा? बंदी कशावर घालायची? कोणत्या घटकेला शिपाई पाठवायचा? राजाला हा रस पकडता येत नव्हता. झाड मात्र जागचे हलत नाही. म्हणून प्रत्येक राजवटीने रस सोडला आणि झाड धरले.

झाडाची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, तो सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. नानंगोल नावाच्या गावातील ३२,००० माड त्याने दान दिल्याचा उल्लेख त्यात येतो. हे गाव म्हणजे डहाणूच्या उत्तरेचे नारगोल असावे, असे अभ्यासक मानतात. त्या माडांपासून कोणी माडी काढत होते की नाही, हे शिलालेख सांगत नाही. पण माड हा मोजून ठेवण्याचा, दान देण्याचा ऐवज होता, हे त्यावरून स्पष्ट होते. पेयाची साक्ष द्यायला कालिदास आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे सैनिक कलिंगाच्या किनाऱ्यावर विड्याच्या पानांचे द्रोण करून नारळीचे आसव पितात. आपल्या संस्कृत पंडितांना हा श्लोक शिकवताना कधी संकोच वाटल्याचे ऐकिवात नाही.

गोव्याविषयीची जुनी आणि तपशीलवार हकिकत एका वैद्याने लिहिली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. भारतात छापखाना येऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. त्यात माडावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. फळासाठी राखलेले माड वेगळे आणि ‘सुरे’साठी राखलेले वेगळे, हे तो नोंदवतो. सुरेपासून ऊर्ध्वपातनाने दारू काढतात, ती उन्हात ठेवून शिर्का करतात, आटवून गूळ करतात, हेही सांगतो. पुढे १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला डच तरुण लिन्सखोतेन यानेही ‘सुरा’ हाच शब्द वापरला आहे. म्हणजे आज आपल्या पोदेराच्या आणि रेंदेराच्या तोंडी असलेला ‘सूर’ त्या काळी परक्यांच्या कानांवरही पडत होता. संस्कृतातली सुरा घाटावर पोथीतच राहिली. किनाऱ्यावर ती रोजच्या बोलण्यात जिवंत राहिली.

आता ‘रेंदेर’ हा शब्द पाहा. गोव्यात माडाला छेद देऊन सूर काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. हा शब्द माडावरून आलेला नाही, सुरावरूनही नाही. पोर्तुगीज भाषेत ‘रेंद’ म्हणजे भाडे, खंड, कराचा मक्ता. आणि ‘रेंदेइरु’ म्हणजे तो मक्ता घेणारा. पोर्तुगीज सरकार वेगवेगळ्या करांचे मक्ते लिलावाने देत असे. माडांचा खंड भरणारा तो रेंदेर झाला. सुताराचे नाव त्याच्या सूत्रावरून पडले, कुंभाराचे मडक्यावरून. पण हा माणूस रोज जिवावर उदार होऊन जे करतो त्यावरून त्याचे नाव पडले नाही, तो काय भरतो यावरून पडले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढा एक शब्द पुरेसा आहे.

खाडीच्या पलीकडे याच धंद्यातला समाज भंडारी म्हणून ओळखला जातो. या नावाची व्युत्पत्ती कोणी ‘भांडार’ शब्दाशी जोडतात, तर इंग्रजी अमदानीतल्या जातिवर्णनांत ती मद्य गाळणाऱ्या अर्थाच्या संस्कृत शब्दाशी जोडलेली आढळते. कसेही असो, हा समाज केवळ माडाच्या शेंड्यावर नव्हता. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेट ताब्यात घेऊन तिथे तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांच्या नाकेबंदीला तोंड देणारा आरमारी सरदार होता मायनाक भंडारी. त्याच सुमारास मुंबई बेटावर गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने रात्रीच्या बंदोबस्तासाठी भंडाऱ्यांची शिबंदी उभी केली होती. मुंबईच्या पोलिसांचा इतिहास तिथून सुरू करण्याची प्रथा आहे. ज्याला पहाटे अंधारात एकट्याने ५० फूट वर चढण्याची सवय, त्याला डोलकाठीचे किंवा रात्रीच्या गस्तीचे भय कशाचे?

या कामातील कष्टाचा एक हिशेब मी वर्गात मुलांकडून करून घेत असतो. समजा, एका माणसाकडे ३० माड आहेत. सकाळी आणि संध्याकाळी रस उतरवायला चढायचे, दुपारी नुसता छेद द्यायला चढायचे. असे तीन वेळा. माडाची उंची १५ मीटर धरा. दिवसाला ९० चढ, म्हणजे १,३५० मीटर वर आणि तेवढेच खाली. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. किनाऱ्यावरून निघून रोज जवळजवळ कळसूबाई चढायची, कमरेला कोयता आणि वाळवलेल्या दुध्या भोपळ्याचे भांडे बांधून. आणि त्यात रविवार नाही, कारण पोयीला एक दिवस छेद चुकला की तिचा गळा बंद होऊ लागतो. हिशेब पुरा झाला की वर्ग थोडा वेळ गप्प असतो.

झाडावर कर बसवण्याची कला इंग्रजांनी पूर्णत्वाला नेली. मुंबई सरकारचा अबकारी कायदा १८७८ सालचा. ‘आबकारी’ हा मूळ फारसी शब्द. ‘आब’ म्हणजे पाणी. या पाण्याच्या कारभाराची सूत्रे चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या हाती होती. पूर्वी गावोगावी लहान भट्ट्या असत. नव्या व्यवस्थेत दारू गाळण्याचे काम मोठ्या मक्तेदारांकडे आणि सरकारी देखरेखीखाली गेले. माडी काढायची तर झाडागणिक परवाना आणि झाडागणिक कर. छेद द्यायच्या झाडावर खूण किंवा क्रमांक घातला जाई. माड असो, ताड असो, शिंदी असो. जातीप्रमाणे आणि जिल्ह्याप्रमाणे दर वेगळा. झाडाने रस कमी दिला, पावसाने पोय कुजली, तरी कर ठरलेला. सरकारी दप्तरात आता झाडाला क्रमांक होता.

पण सीमा आडवी येत होती. गोव्यात दर वेगळा आणि ब्रिटिश मुलखात वेगळा असेल तर स्वस्त दारू महाग दारूच्या मुलखात झिरपणारच. सीमाभागातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. म्हणून १८७८च्या डिसेंबरात लिस्बन येथे इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला, त्यात रेल्वे, जकात आणि मीठ यांच्या बरोबरीने अबकारीही आली. १८८० पासून तह अमलात आला. मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्यापोटी पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. दारू आणि सूर यांच्यावर मुंबई इलाख्याच्या धर्तीची अबकारी पद्धत गोव्यात लागू करणे पोर्तुगीजांनी मान्य केले. तहाची मुदत १२ वर्षांची. १८९२ साली तो संपला आणि पुन्हा वाढवला गेला नाही. मुरगावची रेल्वे राहिली, म्हणून पाठ्यपुस्तकात तह रेल्वेमुळे येतो. रेंदेराच्या घरात तो ‘अबकारी’ या शब्दाच्या रूपाने शिरला आणि तह संपल्यावरही बाहेर पडला नाही. अबकारी खात्याला गोव्यात लोक अजून त्याच नावाने ओळखतात.

झाड हे सरकारच्या उत्पन्नाचे साधन झाले की सरकारशी लढणाऱ्याची नजरही झाडावरच जाते. हा आपल्या स्वातंत्र्यलढ्याचा एक भाग आहे आणि तो आदरानेच सांगितला पाहिजे. पण पूर्ण सांगितला पाहिजे. असहकाराच्या काळात, १९२१च्या सुमारास, इरोडचे ई. व्ही. रामस्वामी यांनी मद्यपानाच्या निषेधार्थ स्वतःच्या बागेतले सुमारे ५०० माड तोडून टाकल्याचे सांगितले जाते. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात दक्षिण गुजरातेत खजुरीची झाडे तोडली गेली. १९३९ साली म्हैसूर संस्थानात चित्रदुर्गजवळ तुरुवनूरला शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला; त्यात तुरुंगात गेलेले निजलिंगप्पा पुढे मुख्यमंत्री झाले. आणि १९४७ साली हैदराबाद संस्थानात, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात, निजामाचे अबकारी उत्पन्न बुडावे म्हणून मराठवाड्यात आणि तेलंगणात शिंदीच्या बनांवर कुऱ्हाडी चालल्या. मराठवाड्यातले माझ्या वडिलांच्या पिढीचे एक गृहस्थ त्या रात्रींची वर्णने रंगून सांगत. शंभर शंभर झाडे एका रात्रीत आडवी केल्याचे ते म्हणत. सकाळी त्या झाडांखाली कोण येऊन उभे राहिले असेल, हा प्रश्न मी त्यांना विचारल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, ते काही आम्ही पाहिलं नाही. आम्ही तोवर रानात पसार झालेलो होतो.”

त्यांच्या धैर्याविषयी मला शंका नाही. निजामाचे उत्पन्न बुडाले, हेही खरे. पण त्या सकाळी झाडाखाली येऊन उभा राहिलेला माणूस निजाम नव्हता. ते झाड त्याच्या मालकीचेही नव्हते. त्याच्याकडे होता तो कोयता, दोर आणि त्या हंगामाचा परवाना.

मद्यपानाने घरे बुडतात, हे सांगायला बाहेरच्या सुधारकाची गरज नव्हती. या समाजांच्या आतूनही तो आवाज उठला. केरळात श्रीनारायण गुरूंनी आपल्या ईळव समाजाला ताडी काढणे, विकणे आणि पिणे तिन्ही सोडण्याचा उपदेश केला. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यापासून दक्षिण गुजरातपर्यंत, बडोदे संस्थानाच्या मुलखातही, आदिवासींनी देवीच्या नावाने दारू-ताडी सोडली. मुंबईच्या भंडारी समाजाने तर रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्यासारखा पुढारी दिला. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा त्यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला, आणि चार वर्षांनी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला त्याचाच आधार होता. शिक्षण घेऊन माणसे धंद्यातून बाहेर पडली, हे चांगलेच झाले. जो स्वतः उतरला त्याच्याविषयी तक्रार नाही. प्रश्न आहे तो ज्याला उतरवले गेले त्याचा.

दारूबंदी मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी आली. काँग्रेस मंत्रिमंडळ गेल्यावर ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९चा कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते, म्हणून हा कायदा आपल्या घरादारातला आहे. गोव्यात त्याच वेळी पोर्तुगीज राज्य, आणि तिथे बंदी नाही. त्यामुळे ११ वर्षे असे होते की खाडीच्या एका तीरावर माडाला छेद देणारा माणूस कर भरणारा नागरिक, आणि दुसऱ्या तीरावर तेच करणारा त्याचा मेहुणा गुन्हेगार. माड दोन्हीकडे सारखाच गळत होता.

सरकारने पर्याय दिला नाही असे नाही. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारात ताडगुळाला मानाचे स्थान होते. ऊस चांगल्या जमिनीवर वाढतो, ताड आणि शिंदी पडीक जमिनीवर. तेव्हा साखर झाडावरून काढावी, हा विचार शहाणपणाचाच होता. नीरा विक्रीची केंद्रे निघाली. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर ती अनेकांनी पाहिली असतील. पण आपण सुरुवातीला पाहिलेले घड्याळ इथेही आडवे आले. नीरा थंड ठेवायला बर्फ हवा, ती सूर्य वर येण्याआधी शहरात पोचायला हवी, आणि वाटेत ती आंबली तर परवानाधारक पुन्हा गुन्हेगार. ज्याच्याकडे बर्फ आणि गाडी होती त्याला नीरा परवडली; झाडावर चढणाऱ्याकडे दोन्ही नव्हते.

माडी गेली म्हणजे केवळ एक मादक पेय गेले, असे म्हणून सुटका होत नाही. आपल्या स्वयंपाकघरातून त्याबरोबर काय काय गेले ते मोजा. पोर्तुगीजांनी पाव आणला, पण गोव्याचा पोदेर त्याचे पीठ फुगवी ते इथल्या सुराने. आज बहुतेक ठिकाणी बाजारचे यीस्ट वापरतात. सान्नां सुराशिवाय सान्नां होत नसत. वसईकडच्या ख्रिस्ती घरांतले फुगे माडीवर फुगत. पोर्तुगालात मद्याच्या शिर्क्यात मुरवलेले मांस गोव्यात आले, त्याला माडाचा शिर्का मिळाला आणि त्याचे विंदालू झाले; आता बाटलीतले रासायनिक आम्ल त्याच नावाने खपते. दोदोलाला लागणारा माडाचा काळा गूळ ओळखीच्या घरी सांगून ठेवावा लागतो. यातला पिणारा किती आणि खाणारे किती, हे आपले आपणच ठरवावे.

काजूची गोष्ट याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला, म्हणजे माडाच्या मानाने कालचा पाहुणा. पण फेणी म्हटले की आज काजूच आठवतो. २००९ साली गोव्याच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोही काजूच्या फेणीला. माडाची फेणी त्याहून जुनी असून मागे पडली. कारणे अनेक असतील. मला दिसणारे एक साधे आहे. काजूचे बोंड पिकले की आपोआप खाली पडते, ते वेचायला कोणालाही वर चढावे लागत नाही.

आणि माड? त्याच्याविषयी अलीकडे एक विलक्षण चर्चा झाली. गोव्यात १९८४ सालचा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०१६ साली त्यात दुरुस्ती होऊन माडाला ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आले. तोडायला मग परवानगीची अट राहिली नाही. माडाला फांद्या नसतात, शास्त्राने तो गवताच्या जवळचा, असे युक्तिवाद झाले. लोक खवळले आणि २०१७ साली माड पुन्हा झाड झाला. लोक जागे झाले याचा मला आनंद आहे. पण त्या सगळ्या गदारोळात, मोर्चात, अग्रलेखांत माडावर चढणाऱ्याचा उल्लेख मी शोधत होतो, तो फारसा सापडला नाही. उषवदाताच्या शिलालेखापासून २०१७ पर्यंत झाडाची मोजदाद अखंड चालू आहे.

आता शाळेच्या रजिस्टराकडे येतो. प्रवेशाच्या वेळी मुलाचे नाव, जन्मतारीख यांच्यापुढे ‘पालकाचा व्यवसाय’ असा रकाना असतो. आमच्या शाळेची जुनी रजिस्टरे मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून वाचली. सुरुवातीच्या पानांवर शिक्षकांच्या वळणदार अक्षरात ‘माडी काढणे’ आणि ‘रेंदेर’ अशा नोंदी सरळ येतात. पुढे पुढे त्या विरळ होतात. ‘बागायत’, ‘मजुरी’, ‘किरकोळ धंदा’ असे शब्द येतात. मग नुसतेच ‘नोकरी’. यातल्या काहींनी धंदा खरोखर सोडला होता. पण काही घरे माझ्या ओळखीची आहेत. ‘बागायत’ लिहिलेला बाप त्याच सकाळी माडावरून उतरून, कोयता कुंपणाला अडकवून, मुलाचा हात धरून शाळेत आला होता.

अशाच एका पालकाला काही वर्षांपूर्वी माडावरून पडून पाठीला दुखापत झाली. मुलगा आमच्याच शाळेत नववीत होता. काही मदत मिळते का पाहायला मी त्यांच्याबरोबर एका कचेरीत गेलो. अर्जावर व्यवसाय लिहायचा होता. कारकून भला माणूस होता; त्याने यादी पुढे केली आणि विचारले, “शेतकरी लिहू की शेतमजूर?” जमीन नावावर नाही म्हणून शेतकरी नाही. कोणाच्या मजुरीला नाही, स्वतः झाडांचे भाडे भरतो, म्हणून शेतमजूर नाही. शेवटी ‘इतर’ या शब्दावर खूण झाली. ज्या झाडावरून तो पडला त्याचा क्रमांक मात्र त्याला पाठ होता, तो त्याने विचारताच सांगितला.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटले, चढताना भीती वाटत नाही का? तो म्हणाला, “चढताना नाही वाटत, सर. तेव्हा ध्यान माडावर असतं. उतरताना ध्यान घराकडे जातं, तेव्हा भय.” त्याचा मुलगा पुढे आयटीआय करून बाहेरगावी नोकरीला लागला. बापाने दुसऱ्या वर्षी पुन्हा माड धरले. आता तो थोडे आणि बुटके माड घेतो. गावात त्याच्या मागे शिकणारा कोणी नाही. मुलाने हा धंदा करावा असे त्याला वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण पोय कधी बांधायची, कोणत्या बाजूने ठोकायची, अमावस्येच्या आसपास रसात काय फरक पडतो, वारा सुटला असताना पाय कुठे रोवायचा, हे सगळे त्याच्याबरोबर खाली उतरले की परत वर जाणार नाही. एखादी पोथी वाळवीने खाल्ली तर आपण हळहळतो. ही पोथी तर कोणी लिहूनच घेतली नाही.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी प्रकल्प म्हणून हेच काम दिले. गावातल्या तीन वयस्क माणसांना भेटून त्यांनी शब्द गोळा केले: छेद देण्याच्या कोयत्याला ‘काती’, झाडावरच्या मडक्याला ‘दामोणें’, कमरेच्या भोपळ्याला ‘दुदिणें’. एका कानडी मुलीने हुबळीकडच्या आजोबांना विचारून शिंदीच्या झाडाचे शब्द आणले. वही साठ पानांची झाली, ती ग्रंथालयात ठेवली आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्या तीन माणसांची नावे मुलांनी मोठ्या अक्षरात लिहिली आहेत. त्यांपैकी एकाने ती वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “यात झाडांचे नंबर लिहिले नाहीत ते?” मुले म्हणाली, “नंबर कचेरीत आहेत, आजोबा.”

कारवार, बेळगाव, मराठवाडा, बडोद्याकडच्या वाचकांकडे असे शब्द आणि अशी माणसे अजून असतील. त्यांनी ती आपल्या गावच्या शाळेत कळवावीत. आणि शिक्षकबंधूंना एकच विनंती आहे. जूनमध्ये प्रवेशाचे रजिस्टर उघडाल, एखादा पालक ‘बागायत’ म्हणताना थोडा अडखळेल, तेव्हा त्याला बसायला खुर्ची द्या आणि पुन्हा एकदा विचारा. त्याने खरे सांगितले तर ते तसेच, स्वच्छ अक्षरात लिहा.